हिराबाईच्या पडिकातल्या गाड्या

“दोनशे? अहो, दिवाळीत आलो होतो तेव्हा साठ होते!”

गाडीच्या खिडकीतून अर्धा बाहेर येऊन तो माणूस ओरडत होता. बूथच्या जाळीमागं सुदाम वाघमोडे दोन्ही हात जोडून म्हणत होता, “साहेब, दर मी ठरवत नाही. बोर्ड बघा. कालपासनं लागू झालाय.”

“मग ठरवतो कोण? बोलव त्याला.”

ठरवणारा रणधीरशेठ फाटकावर कधीच यायचा नाही. तिथं मी असायचो. प्लास्टिकच्या खुर्चीवरनं मी उठलो, दोन पावलं पुढं झालो आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. एवढंच माझं काम होतं. माझी मान, माझे दंड, माझे चिरडलेले कान बघितले की माणसाचा आवाज खाली यायचा. त्याचाही आला. मागच्या सीटवरची पोरं रडकुंडीला आली होती. त्यानं शंभराच्या दोन नोटा सुदामच्या तोंडावर फेकल्यासारख्या जाळीत टाकल्या आणि मला ऐकू जाईल अशी शिवी हासडली.

“ऐकू आलं नाही असं समज, पैलवान,” सुदाम हळूच म्हणाला. “घरचा हिशेब बिघडला की माणूस असाच बोलतो.”

याला आता चौदा वर्षं झाली. माझं नाव हणमंत लवटे. तालुक्याच्या कुस्त्यांत चार वर्षं नाव होतं. मग एका जत्रेत डावा गुडघा गेला आणि पैलवानकी संपली. सोलापूरच्या हमरस्त्यावर ‘हिंदोळा’ नावाचं पार्क नवीन झालं होतं. पाण्याच्या घसरगुंड्या, आकाशपाळणे, भुताचं घर. मालक पुण्याचा. गाड्या लावायची जागा त्यानं रणधीरशेठला ठेक्यानं दिली होती, आणि शेठनं एका वर्षात तीन वेळा दर वाढवला.

लोक सुट्टीसाठी पैसे साठवून यायचे. तिकिटाची तयारी करून यायचे, गाडी उभी करण्याची नाही. काहीजण फाटकावरनंच गाडी वळवायचे आणि आतली पोरं पाळण्याकडं बघत बघत मागं जायची. काहीजण बायकामुलांना फाटकात उतरवून गाडी लांब ढाब्यापाशी लावायचे आणि भर उन्हात, ट्रकांच्या कडेकडेनं, चालत यायचे. आत पोचेपर्यंत त्यांचा निम्मा दिवस आणि सगळा उत्साह संपलेला असायचा.

मग कुणीतरी हिराबाई बंडगरला विचारलं, “आजी, इथं गाडी लावू का?”

रस्त्यापलीकडं तिचं दोन एकर पडीक होतं. नवरा कधीच गेला होता, मेंढरं विकली होती. ती म्हणाली, “लाव की बाबा. जागा काय झिजतीया व्हय?” त्यानं जाताना वीस रुपये दिले. पुढच्या रविवारी पाच गाड्या आल्या. एप्रिल संपेस्तोवर तिच्या पडिकात तीस-तीस गाड्या उभ्या राहायला लागल्या. तिनं दोन कडूलिंबांच्या मधे जुनं लुगडं बांधून सावली केली, माठ भरून ठेवला. लोक तिला आजी म्हणायला लागले.

मे महिन्यातल्या ज्या रविवारी सकाळी त्या शंभराच्या नोटा जाळीत पडल्या, त्याच सकाळी शेठनं मला पार्कच्या मागच्या शेडमधे बोलावलं. भैरू आणि लख्या आधीच तिथं होते. हे दोघे शेठच्या वाळूच्या धंद्यातले. भिंतीला तीन सळ्या टेकवून ठेवल्या होत्या.

“नुसत्या काचा,” शेठ म्हणाला. “माणसाला हात लावायचा नाही. दहा गाड्यांच्या काचा फुटल्या की तालुकाभर बोंब होते. पुढच्या रविवारी त्या म्हातारीकडं सायकलसुद्धा उभी राहणार नाही.”

“शेठ, गाड्या बाहेरगावच्या लोकांच्या हायत,” मी म्हणालो. “त्यांनी काय केलंय?”

“पैलवान, तुला पगार कोण देतं? मी का ती म्हातारी?”

मी सळई उचलली. पोटासाठी केलं असं मी पुष्कळदा स्वतःला सांगून बघितलं. ते खोटं आहे. सोसायटीच्या गोदामात हमालीचं काम मिळत होतं. पण उभं राहिलं की समोरचा माणूस खाली बघतो, याची मला चटक लागली होती. आखाडा सुटल्यावर तेवढंच माझ्याकडं उरलं होतं.

दुपारी एकच्या सुमारास आम्ही रस्ता ओलांडला. तेव्हा सगळी माणसं आत पाण्यात असतात. पडिकात वीसेक गाड्या होत्या. हिराबाई लुगड्याच्या सावलीत बसून तंबाखू मळत होती. आमच्या हातातल्या सळ्या बघितल्या तशी ती काठी घेऊन उठली.

“काय रं? काय पायजे?”

 भैरूनं पहिल्याच गाडीची पुढची काच फोडली.

मी माझी पहिली काच फोडली तेव्हा हात जरा कचरला. दुसऱ्या काचेला कचरला नाही. काच फुटताना आधी नुसती पांढरी होते, मग एकदम खाली सांडते. चौथ्या गाडीपर्यंत अंगात ऊब भरली, आखाड्यात उतरताना भरायची तशी. घाम डोळ्यांत जात होता आणि मला बरं वाटत होतं. हे मला आज लिहायला लाज वाटते, पण तेव्हा मला बरंच वाटत होतं.

हिराबाई एका गाडीपासून दुसऱ्या गाडीपाशी धावत होती. “अरं मुडद्यांनो, पाव्हण्यांच्या गाड्या हायत रं! माझ्या भरवशावर लावल्यात त्यांनी!” तिनं काठी फिरवून भैरूच्या मानेवर हाणली. भैरूनं तिला दोन्ही हातांनी ढकललं. ती मेंढरांना पाणी पाजायच्या जुन्या दगडी डोणीवर डोक्यानंच आपटली, तरी हात टेकून अर्धी उठली आणि माझ्याकडं बघून ओरडली, “पैलवान, ती पांढरी नगं! आत म्हातारा निजलाय!”

मग ती आडवी झाली ती उठलीच नाही.

मी त्या पांढऱ्या व्हॅनपाशी होतो. खिडक्यांना आतनं पडदे होते आणि वरच्या फटीत ओला टॉवेल खोचला होता. माझा हात खांद्याच्या वर गेलेला होता. वर गेलेला हात आवरता येतो. पैलवानाला तर येतोच, तीच आमची शिकवण. मी तिचं बोलणं ऐकलं होतं. म्हातारी गाडी वाचवायला थापा मारतेय असं वाटलं आणि मी हात आवरला नाही.

सळई काचेतनं गेली, पडद्यातनं गेली आणि काच नसलेल्या कशावर तरी बसली.

आतनं आवाज आला, “अम्मा!” एवढाच. मोठ्यानंही नाही.

मी दार ओढलं. सीटवर एक म्हातारा पाय पोटाशी घेऊन झोपलेला होता, तो आता उठून बसायचा प्रयत्न करत होता. धोतर, पांढरी बंडी. एक हात डाव्या डोळ्यावर होता आणि बोटांच्या मधनं रक्त कोपरापर्यंत उतरत होतं. मांडीवर काचा होत्या. उरलेल्या डोळ्यानं तो माझ्याकडं बघत होता, पण उजेडामुळं असेल किंवा रक्तामुळं, त्याला मी दिसत नव्हतो.

“कोण हाय? काय झालं ओ?”

“पळ!” मागनं भैरू ओरडला. “पैलवान, पळ की!” त्याची मोटरसायकल चालू झाली. लख्या मागं बसला आणि दोघं धुरळ्यात गेले.

मी सळई वेड्या बाभळीत भिरकावली. टॉवेल ओढून म्हाताऱ्याच्या डोळ्यावर दाबला, त्याला दोन्ही हातांवर उचललं आणि फाटकाकडं पळत सुटलो. गुडघा दर पावलाला शिव्या देत होता. हिराबाईच्या अंगावरनंच गेलो म्हटलं तरी चालेल. मी थांबलो नाही. ती तिथं पडलीय हे फाटकावर कुणाला सांगितलंही नाही.

फाटकात एकच गलका झाला. भोंग्यावरनं गाडीचा नंबर पुकारला. पाच मिनिटांत एक बाई धावत आली, कपड्यांतनं पाणी गळत होतं, पायांत चप्पल नव्हती. मागनं तिचा नवरा.

“मामा! मामा, काय झालं तुम्हाला?” सासऱ्याचा चेहरा तिनं दोन्ही हातांत धरला. मग माझ्याकडं बघितलं. माझा सदरा रक्तानं भिजलेला होता. “दादा, तुम्ही आणलं? कोणी केलं हे?”

मी तोंड उघडलं. पण ती थांबली नाही. “देवासारखे आलात ओ दादा. तुम्ही नसता तर माणूस तिथंच गेला असता.”

मी तोंड मिटलं.

पार्कची जीप आली. म्हाताऱ्याला मागं झोपवलं, डोकं माझ्या मांडीवर. ती बाई, पद्मा तिचं नाव, पायाशी बसली आणि तिनं माझा हात घट्ट धरून ठेवला. नवरा मुलीला शोधायला आत गेला होता. सोलापूरची तेलुगू मंडळी ती, मेरगू आडनावाची. म्हातारा नरसय्या. चाळीस वर्षं चादरीच्या मागावर उभा राहिलेला, कसल्याही खडखडाटात झोप न मोडणारा.

“वैष्णवीला सांगू नका,” तो पुटपुटला. “खेळू दे पोरीला पाण्यात.”

“मामा, बोलू नका.”

“मीच म्हणलं ना, बाहेर लाव गाडी. आत लावून पैसे घालवण्यापेक्षा पोरीचे दोन पाळणे जास्त होतील. मी बसतो राखण करत.” मग त्यानं विचारलं, “पद्मा, हा डोळा मिटलेला आहे का उघडा आहे?”

 माझ्या हातावरची तिची पकड आणखी आवळली.

जीप हलेना. कारण तोपर्यंत फाटक माणसांनी भरलं होतं. ज्यांच्या गाड्या पडिकात होत्या ते पाण्यातनं तसेच बाहेर आले होते. भाड्याच्या चड्ड्या, ओली अंगं, तापलेल्या डांबरावर अनवाणी पाय. कुणीतरी ओरडलं, “पार्किंगवाल्यांनी फोडल्या! म्हाताऱ्याला पण मारलं!” आणि मग ज्यांच्या गाड्या आत सुरक्षित होत्या, तेही त्यांच्यात मिसळले. सहा महिन्यांचा राग होता तो. फाटकावरनं वळून गेलेला, उन्हातनं चालत आलेला, पोरांसमोर माझ्याकडं बघून गिळलेला.

आधी दराचा बोर्ड खाली आला. मग बूथ. दार उघडेना म्हणून त्यांनी जाळी उचकटली आणि सुदामला खिडकीतनं ओढून काढलं. पन्नाशीचा माणूस, दम्याचा. खिशातला दम्याचा पंप खाली पडला आणि कुणाच्या तरी पायाखाली गेला.

“मी नाही हो! मी बूथ सोडून गेलोच नाही!”

अडथळ्याचा बांबू कुणीतरी उपटला. मारणारे गुंड नव्हते. एकाच्या दंडात पोराची पोहायची हवेची ट्यूब तशीच अडकलेली होती आणि तो लाथा घालत होता. सकाळी शंभराच्या नोटा फेकणारा माणूस त्यात होता. एक बाई चपलेनं मारत होती आणि मारता मारता रडत होती.

मी जीपमधनं बघत होतो. सुदामची आणि माझी नजरानजर झाली. सकाळी मला शेडकडं जाताना त्यानं बघितलं होतं. रस्ता ओलांडतानाही बघितलं असणार. माझ्याकडं नुसतं बोट केलं असतं तरी तो सुटला असता. त्यानं केलं नाही. का केलं नाही, हे मला विचारायला मिळालं नाही. बांबू त्याच्या बरगड्यांवर बसत होता, तो गुडघ्यांत डोकं घालून बसला होता आणि मधनंच मान वर करून माझ्याकडं बघत होता.

पद्मा म्हणाली, “मारू दे त्याला. बरं होतंय.”

एक विडी ओढून संपते तेवढा वेळ मी बसून होतो. त्याच्यापेक्षा कमी नाही. कोर्टातही मी एवढाच सांगितला.

मग मी म्हाताऱ्याचं डोकं उचलून सीटवर ठेवलं.

“कुठं चाललात दादा?”

“ताई,” मी म्हणालो, “काच मी फोडली.”

तिला कळलं नाही. ती माझ्याकडं तशीच बघत राहिली.

“सळई माझी होती. आत माणूस आहे असं म्हातारीनं ओरडून सांगितलं होतं. तरी मी मारली.”

तिनं माझा हात सोडला.  मग स्वतःच्या हाताकडं बघितलं आणि तो ओल्या कपड्याला पुसला. पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

मी खाली उतरलो. गर्दीत शिरून सुदामच्या अंगावर आडवा पडलो आणि ओरडलो, “त्याला सोडा! मी फोडल्या गाड्या! मी मारलं म्हाताऱ्याला!” पहिल्यांदा कुणी ऐकलंच नाही. मी म्हाताऱ्याला आणणारा देवमाणूस होतो ना! “पैलवान, बाजूला व्हा,” असं मला आदरानं सांगणारेही होते. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा एकानं बांबू थांबवला आणि माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं.

पुढचं मला तुटक आठवतं. मी हात उचलला नाही. उचलला असता तर चार-पाच लोळवले असते, त्या गुडघ्यासकट. बांबू, लाथा, दगड. कानात शिट्टी वाजायला लागली. खाली सुदामचा श्वास मला छातीला लागत होता, भात्यातनं वारा गळावा तसा. मग तो लागेनासा झाला. चांगला गुडघा फुटला तेव्हा मी पहिल्यांदा ओरडलो. पोलीस आले तेव्हा बूथ जळत होता, आणि अनवाणी माणसं आपापली पोरं गोळा करत होती.

सुदाम चौथ्या दिवशी गेला. बरगडी फुप्फुसात घुसली होती. त्याच्या मरणाचे अकरा आरोपी होते. शिक्षक, दुकानदार, एक कंपाउंडर. सगळे सुटले. कुणाचा घाव कुठला, हे सांगायला कुणी पुढं आलं नाही. नरसय्याचा डावा डोळा गेला. हिराबाईला दुसऱ्या लोकांनी पडिकातनं उचललं. तीन आठवड्यांनी ती घरी आली, पण डावा हात कायमचा लुळा पडला.

दवाखान्यात शेठचा वकील माझ्या उशाशी येऊन बसला. “म्हातारीचं बोलणं तुम्हाला ऐकू आलं नाही, एवढंच म्हणायचं. काचा फुटण्याचा आवाज होता. वर्षभरात बाहेर याल. घरचं शेठ बघतील.”

“ऐकू आलं होतं,” मी म्हणालो.

“पैलवान, शहाणपणा करा.”

“ऐकू आलं होतं, वकीलसाहेब.”

मला पाच वर्षं झाली, भैरूला दोन. लख्या सापडला नाही. सळ्या कुणी दिल्या ते मी सांगितलं, पण शेठच्या विरुद्ध माझ्या शब्दापलीकडं काही नव्हतं. तो सुटला. पार्कनं ठेकेदार बदलला आणि नवा ठेकेदार आल्यावर दर अडीचशे झाला.

सुटल्यावर मी आधी सुदामच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं दार उघडलं, मला ओळखलं आणि दार लावून घेतलं. तिचं बरोबर होतं.

मग सोलापूरला गेलो. पूर्व भागात, मागांच्या खडखडाटात, विचारत विचारत मेरगूंचं घर सापडलं. दुपारची वेळ होती. दारात पद्मा तांदूळ निवडत बसली होती. केस पिकायला लागले होते. मी काठी टेकत समोर उभा राहिलो. तिनं वर बघितलं आणि तिच्या बोटांतले तांदूळ सुपात गळाले.

“कशाला आलात?”

काय बोलायचं ते मी पाच वर्षं जुळवलं होतं.  “बघायला आलो,” एवढंच म्हणालो.

“बघून काय करणार?” ती उठली आणि दाराच्या मधोमध उभी राहिली. आवाज तिनं अगदी खाली आणला होता. “त्या दिवशी तुम्ही बोलला नसता, तर मी जन्मभर तुमच्या नावानं दिवा लावला असता. बोललात म्हणून तुम्हाला शिव्या तरी देता आल्या. पण माफ करायला सांगू नका. ते माझ्याच्यानं होणार नाही.”

“नाही सांगत.”

आतनं म्हातारा आवाज आला. “पद्मा, कोण आलंय?”

ती वळली नाही. माझ्याकडं बघतच म्हणाली, “कोणी नाही, मामा. पत्ता विचारतायत.”

“दुसरापण डोळा चाललाय त्यांचा,” ती मला हळूच म्हणाली. “माणूस ओळखू येत नाही आता.”

आत खाट करकरली. भिंत चाचपत येणारी पावलं ऐकू आली, आणि तिच्या खांद्यामागं नरसय्याचं तोंड दिसलं. एका बाजूला डोळ्याची रिकामी खोबण होती. दुसरा डोळा दुधासारखा झालेला. तो माझ्या थोडं डावीकडं बघून हसला.

“लांबनं आलात का ओ?”

मी खाली बघितलं. पद्माच म्हणाली, “हो मामा, लांबनं.”

“मग उन्हात उभं काय केलंस त्यांना? बसव की आत. पाणी दे.”

 ती आत गेली आणि तांब्या-पेला घेऊन आली. उंबऱ्याच्या आतनंच तिनं पेला पुढं केला. आत या म्हणाली नाही. मी उंबऱ्याच्या बाहेर उभा राहून पाणी प्यायलो. पेला रिकामा झाल्याचं म्हाताऱ्याला आवाजावरनं कळलं असावं.

“अजून पाहिजे का विचार त्यांना,” तो म्हणाला.

“बास झालं, बाबा,” मी म्हणालो.

पेला मी उंबऱ्यावर ठेवला. जीपमधे ऐकलेल्या त्या आवाजासरशी म्हाताऱ्याची मान माझ्याकडं वळली, नीट माझ्यावर रोखली गेली, आणि तशीच राहिली. पद्मानं त्याच्या दंडाला धरलं. मी काठी उचलली आणि मागांच्या खडखडाटातनं निघालो, भराभर, जमेल तेवढं भराभर.